अनसूयाबाईंचा एक श्वास

२१ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळची ड्युटी. ऑक्सिजनचं मोठं सिलिंडर अर्ध्यावर आलंय. बदलून मागितलंय, येईल तेव्हा खरं. सु.भाऊंनी मी यायच्या आधीच गाडी आतून पुसून ठेवली होती. चार वर्षं झाली, सुधाकरभाऊ अ‍ॅम्ब्युलन्स चालवतात आणि मी डॉक्टर म्हणून मागे बसते. एवढ्या दिवसांत एकदाही त्यांना गाडी पुसायला सांगावं लागलं नाही.

दोन केसेस. एक विंचवाची, कापूस वेचताना. दुसरी बाळंतपणाची, आम्ही पोचेपर्यंत बाळ दारातच झालं होतं. मुलगी. रडली नीट.

आईचा फोन. मेहकरात कुणाच्या दवाखान्यात बसायला डॉक्टर हवाय म्हणे, दहा ते पाच. "घरचं जेवण, घरची झोप," म्हणाली. बघू म्हटलं. संग्रामपूर सोडवत नाही, का ते मलाही धड सांगता येत नाही.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार
आज लिहवत नाही. पुलाजवळ मालवाहू ऑटो उलटला. मजूर बायका. एक जागेवर गेली. उद्या.

२५ नोव्हेंबर
सुट्टी घेतली नाही. घरी बसले असते तर वाईट.

काल पावणेनऊला कॉल. टेकडीखालच्या गावातल्या नऊ बायका कापूस वेचायला निघालेल्या. नाल्याच्या पुलावर ऑटोचं चाक कठड्याबाहेर गेलं आणि गाडी खाली, दगडांत. आम्ही पंधरा मिनिटांत पोचलो. दुसरी गाडी पाऊण तासावर. म्हणजे पाऊण तास मी, सु.भाऊ आणि एक बॅग.

शिकवलंय तसंच केलं. आधी ओरडून सांगितलं, ज्यांना चालता येतं त्यांनी वर रस्त्यावर या. पाच जणी आणि ऑटोवाला, लंगडत, रडत, पण आले. त्या हिरव्या, म्हणजे थांबू शकणाऱ्या. खाली चौघी उरल्या. तिघी पडलेल्या, आणि एक चालती असूनही वर न आलेली. ती आपल्या आईजवळ बसून होती.

आई म्हणजे अनसूयाबाई. साठीच्या पुढच्या. डोक्याला मार, छाती एका बाजूने दबलेली. श्वास नाही. तोंडातली माती, रक्त बोटाने काढलं, जबडा पुढे ओढून वाट मोकळी केली, गाल तोंडाजवळ नेऊन थांबले. नाही. मानेची नाडी नाही. एकच पेशंट असता तर छाती दाबत बसले असते. तिघी पडलेल्या असताना तसं करायचं नसतं. काळी पट्टी काढली, जिच्यावर आता उपचार नाहीत तिच्यासाठीची, मनगटाला बांधली आणि पुढे गेले. सगळं मिळून मिनिटभर लागलं असेल.

पुढची पूजा. वीस-एकवीस वर्षांची, लग्न होऊन वर्ष झालेलं. पत्र्याने मांडी फाटलेली, खाली रक्ताचं थारोळं. श्वास तिसाच्या वर, मनगटाला नाडी लागत नाही. लाल, म्हणजे सगळ्यांत आधी ही. तिसरीचं खुब्याचं हाड गेलेलं पण बोलत होती. पिवळी, थोडं थांबू शकणारी. सु.भाऊ तिच्याजवळ.

माझ्या हाताखाली जखम, आणि बॅगेतला रक्त थांबवायचा पट्टा काढायला तिसरा हात नाही. म्हणून त्या बसलेल्या बाईला हाक मारली. वंदना, चाळिशीची, कपाळाला खोक. म्हटलं, ताई, इकडे या, इथं दोन्ही हातांनी दाबून धरा. ती उठेना.

म्हणाली, "मायचा हात हालला, मॅडम."

मी म्हटलं, "त्यांचं आता काही राहिलं नाही. हिचं राहिलंय. या."

असंच म्हटलं. याच शब्दांत. ती आली. तिने दाबून धरलं, मी पट्टा आवळला. मग पूजाला स्ट्रेचरवर घेऊन वर चढवेपर्यंत जखमेवरचा हात तिने काढला नाही. पूजा आणि खुब्यावाली, दोघींना घेऊन आम्ही खामगावकडे. अनसूयाबाई तिथेच राहिल्या, अंगावर कुणाचं तरी लुगडं टाकलेलं. पोलीस नंतर आले. बाकीच्यांना दुसऱ्या गाडीने नेलं.

खामगावला पूजाला सरळ ऑपरेशनला घेतलं. तिथून पुढे अकोला.

परत आल्यावर सु.भाऊ जेवले नाहीत. मीही नाही.

२६ नोव्हेंबर
साधा दिवस. ताप, चक्कर, एक छातीत दुखणं (गॅस).
हात तीनदा धुतले.

२८ नोव्हेंबर
एक गोष्ट पंचवीसला लिहिली नाही. मुद्दाम टाळली.

पट्टा आवळून झाल्यावर सु.भाऊंना स्ट्रेचर आणा म्हणून ओरडायला मान वळवली. तेव्हा अनसूयाबाई दिसल्या, सहा-सात हातांवर. त्यांचा जबडा हलला. तोंड उघडलं, गळा वर ओढला गेला, आणि पुन्हा तसंच. एकदा.

पुस्तकात याची नोंद आहे. मरताना येणारा तुटका श्वास. श्वास म्हणून मोजायचा नाही, मेंदूच्या खालच्या भागाची ती शेवटची हालचाल. परीक्षेत याचं उत्तर मी बरोबर लिहिलं होतं.

पण त्याच पुस्तकात असंही आहे की पट्टी बांधून संपत नाही. उसंत मिळाली की पुन्हा एक फेरी मारायची, सगळ्यांना पुन्हा तपासायचं. काळ्या पट्टीवाल्यांनासुद्धा.

मी पुन्हा गेले नाही. सहा-सात हात.

उसंत होती का? पूजाची नाडी नव्हती. आता तोच विचार करत बसते, मिनिटं मांडते, पुन्हा मांडते. गेले असते तर काय केलं असतं? छाती फुटलेली, डोकं फुटलेलं. बहुधा काहीच झालं नसतं. बहुधा.

३० नोव्हेंबर
पूजाचा पाय वाचला. अकोल्याहून तिच्या नवऱ्याने सु.भाऊंना फोन केला होता. रडत होता म्हणे. सु.भाऊंनी मला सांगितलं आणि खिडकीकडे बघत बसले.

आनंद झाला. खरंच झाला.

२ डिसेंबर
आढावा बैठक. मोठ्या साहेबांनी पुलाची केस सगळ्यांसमोर सांगितली. एक गाडी, दोन माणसं, दहा जखमी, आणि वर्गवारी कशी अचूक. "डॉक्टर मॅडमनी भावनेला थारा दिला नाही," असं म्हणाले. टाळ्या. चहा. शेजारच्या केंद्रावरच्या नव्या मुलाने विचारलं, काळी पट्टी बांधताना हात थरथरतो का. म्हटलं, वेळच नसतो. तो हे वहीत लिहून घेत होता.

बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले थोडा वेळ.

८ डिसेंबर, शुक्रवार
वंदना आली होती.

दुपारी, गाडी सावलीत लावलेली, मी बॅग तपासत होते. आधी ओळखलंच नाही. कपाळावरचे टाके काढलेले. परवा तेरवी झाली म्हणाली. बसा म्हटलं तर बसली नाही. पूजा त्यांच्याच गल्लीतली, तीन घरं सोडून. ती बरी आहे, देवाने चांगलं केलं, असं आधी म्हणाली. मग विचारलं.

"मॅडम, तुमी गेल्या तवा माय जित्ती होती काय?"

मी म्हटलं, "नाही. श्वास नव्हता. मी दोनदा बघितलं."

दोनदा नाही. एकदा.

ती म्हणाली, मग हात कसा हालला? मी म्हटलं, कधीकधी नंतरही स्नायू हलतात, त्याला अर्थ नसतो. अगदी शांतपणे समजावून सांगितलं. मला ते चांगलं जमतं. ती ऐकून घेत होती. घरात कुणी विश्वास ठेवत नाही म्हणाली. भाऊ दिलीप म्हणतो, तुझ्या डोक्याले मार लागला होता, तुले भास झाला, आता लोकांत बोलू नको. नवराही तसंच.

"हाव," म्हणाली शेवटी. "भासच असन मंग." आणि स्टँडकडे चालत गेली.

बॅगेत काय मोजलं, काय नाही, काही आठवेना. सगळी पुन्हा ओतून मोजली.

९ डिसें.
खोटं बोलले.

१० डिसें.
खोटं का बोलले ते लिहायचा प्रयत्न केला, तीन ओळी, खोडल्या. तिला बरं वाटावं म्हणून नाही. तेवढं कळतं.

११ डिसेंबर
सु.भाऊंना विचारलं. गाडी धूत होते. म्हटलं, भाऊ, त्या दिवशी पुलाखाली तुम्हाला काही दिसलं का? अनसूयाबाईंचं?

पाईप बंद केला त्यांनी. त्यांची स्वतःची माय दोन वर्षांमागे गेली, घरीच, त्यांच्या मांडीवर.

"पाह्यलं," म्हणाले. "तोंड उघडलं होतं म्हातारीनं. तुमी पाह्यलं, तेई मी पाह्यलं."

म्हटलं, मग बोलला का नाहीत?

म्हणाले, बोललो असतो तर तुम्ही तिकडे गेल्या असत्या, आणि पोरगी गेली असती. आपल्याजवळ हात चारच होते. मग पुन्हा पाईप सुरू केला. थोड्या वेळाने पाठ न वळवता म्हणाले, "आता कोनाले सांगू नका, मॅडम. तुमची नोकरी कंत्राटी हाये."

म्हणजे हे ओझं मी एकटीच वाहत होते असं नाही. दोन आठवडे हा माणूस माझ्या पुढच्या सीटवर ते घेऊन बसला होता. आणि चहा पाजत होता मला.

१५ डिसेंबर, मेहकर
दोन दिवस रजा. आईने वांग्याचं भरीत केलं. देवळात गेलो, परत येताना बसस्टँडजवळच्या ओट्यावर बसलो आणि तिथे तिला सगळं सांगितलं. आई सत्तावीस वर्षं शाळेत शिकवत होती. ऐकताना मध्ये बोलत नाही, संपलं की एकच प्रश्न विचारते.

"तिला सांगून कोण मोकळं होणार आहे, तू की ती?"

आई म्हणाली, आधी ते ठरव. तू होणार असशील तर सांगू नकोस, इथे ये, रड, दवाखान्यात बस दहा ते पाच. पण ती होणार असेल तर तुझ्या नोकरीचं बघत बसू नकोस.

मग भाजी घ्यायची म्हणून उठली. मेथी घेतली. मी तिच्या मागे मागे पिशवी धरून.

आईचे हात बारीक झालेत. मनगटाची हाडं दिसतात. बघवेना.

१७ डिसें.
परतीच्या बसमध्ये ठरवलं. खामगावला बदलताना पुन्हा ठरवलं, उलटं.

वंदनाला वेड्यात काढलंय घरच्यांनी. तिने हात हलताना पाहिला, मी तोंड उघडताना पाहिलं. एवढंच. बाकी सगळं, मी मोकळी होईन की नाही वगैरे, बाजूला ठेवलं तरी एवढं उरतंच.

१९ डिसेंबर, मंगळवार
गेले. ड्युटी नव्हती, साधा ड्रेस. ऑटोने गेले, त्याच पुलावरून. कठडा अजून तुटलेलाच, काट्या लावून ठेवल्यात.

वंदना अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. आणखी कुणी नव्हतं. मला बघून घाबरली, तिला वाटलं अकोल्याहून पूजाची काही वाईट खबर. तसं नाही म्हटलं. बाज टाकली तिने, पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर आणखी काही करायला उरलं नाही.

सांगितलं. त्या दिवशी मी खोटं बोलले. दोनदा नाही, एकदाच तपासलं. पट्टी बांधल्यावर तुमच्या आईने एकदा तोंड उघडलं, श्वास ओढल्यासारखं. मी पाहिलं. पुन्हा जायला हवं होतं, गेले नाही. गेले असते तरी वाचल्या नसत्या असं मला वाटतं, पण ते मी तपासून सांगत नाहीये, अंदाजाने सांगतेय.

ती शेंगा सोलायची थांबली नव्हती. मी बोलायची थांबले तेव्हा ती थांबली.

"मंग मले भास नाई झाला," म्हणाली.

"नाही."

पदर तोंडाला लावला. आवाज केला नाही. मी बाजेवर तशीच. तिच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, पण तो हात ठेवायचा हक्क आहे का ते कळेना. नाही ठेवला.

नंतर म्हणाली, पूजा वाचली हे चांगलंच झालं मॅडम, मी वाईट म्हणत नाई. तिची सासू रोज येते, माह्या पाया पडते, तुह्या हातानं माही सून वाचली म्हणते. तिचं खरं हाये. पण ते पाया पडते तवा मले माह्या हाताकडं पाह्यवत नाई.

ऑटो परत मिळायला तास लागला. ती वेशीपर्यंत सोडायला आली. दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. जाणारी-येणारी माणसं बघत होती.

२० डिसें.
बरं वाटत नाहीये. वाटेल असं वाटलं होतं.

२३ डिसेंबर
दिलीप आला. वंदनाचा भाऊ. तिने घरी सांगितलं, सांगणारच. गेटजवळच थांबला, आत आला नाही. ओरडला नाही. ओरडला असता तर सोपं गेलं असतं. पस्तिशीचा, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

इतके दिवस मी बहिणीले येडी म्हनलं, म्हणाला. तुमच्या काळ्या पट्टीवर भरोसा ठेवून. आता तिच्यासमोर कोन्या तोंडानं बसू?

चूक माझी म्हटलं.

त्याने वरच्या ऑफिसात तक्रारीचा अर्ज दिलाय. सकाळीच देऊन आला होता. मला कळावं म्हणून सांगायला आलो म्हणाला. पाठीमागून केलं असं नको. हात जोडले आणि गेला. मीही जोडले.

२९ डिसेंबर
पत्र आलं. पाच जानेवारीला चौकशी, मी आणि सु.भाऊ दोघांनीही हजर राहायचं. मोठ्या साहेबांचा फोन. आवाज वेगळा. म्हणाले, वर्गवारी नियमानेच झाली आहे, तुम्ही तेवढंच बोला. पुन्हा फेरी मारायला वेळ नव्हता असं म्हणा, ते खरंही आहे. "त्या एका हालचालीचं काढूच नका. तिला वैद्यकीय अर्थ नाही."

अर्थ नाही, हे मीच वंदनाला म्हटलं होतं.

सु.भाऊंना विचारलं काय सांगणार. म्हणाले, मी डायवर माणूस, मले इचारतीन ते सांगीन. मग म्हणाले, पोरीच्या कॉलेजची फी भरायची हाये जूनमध्ये. मग म्हणाले, पन खोटं नाई बोलनार. त्यांना यात मीच ओढलं.

१ जानेवारी
दोन अपघात. दारू दोन्हीकडे. एक हिरवा, एक पिवळा. पिवळ्याला पुन्हा पुन्हा तपासत होते, पाच-पाच मिनिटांनी, काही गरज नसताना. सु.भाऊ आरशातून बघत होते.

पूजा घरी आली म्हणे. कुबडीवर. सगळी गल्ली बघायला जमली होती.

४ जानेवारी, गुरुवार
उद्या चौकशी. कागद लावून ठेवले. काय बोलायचं ते एका पानावर लिहिलं: जे झालं ते, क्रमाने. तोंड उघडलं तेही. कुणाचं नाव न घेता, 'मी पाहिलं' एवढंच. सु.भाऊंचा उल्लेख कुठे नाही. आईला वाचून दाखवलं फोनवर. ठीक आहे म्हणाली. दवाखान्याच्या जागेबद्दल काही बोलली नाही.

दुपारी साडेतीनला वंदनाचा फोन. नंबर मीच दिला होता. मला वाटलं उद्याचं काही. तसं नव्हतं. उद्याचं भाऊ पाहून घेईल म्हणाली, तिला त्यात पडायचं नाही.

एक इचारायचं होतं म्हणाली. मग थांबली. मागे कोंबड्यांचा आवाज.

"तुमी मले बलावलं ना, त्या पोरीकडं या म्हनून. तवा उठतानी मी मायच्या कानापाशी गेली. म्हनलं, येते वं माय लगेच. आन गेली. ते तिनं आईकलं असन काय, मॅडम?"

पुस्तकातलं उत्तर 'नाही' आहे. नाडी थांबल्यावर, डोक्याला तेवढा मार असताना, ऐकू येत नाही. मागच्या महिन्यात हेच मी न अडखळता सांगितलं असतं. आणि आज 'हो' म्हणणंही सोपं होतं. तिला 'हो' हवं होतं का, तेही कळेना. ऐकलं असेल तर माय वाट बघत गेली. ऐकलं नसेल तर वंदना न सांगताच उठून गेली.

म्हटलं, "मला माहीत नाही, वंदनाताई."

फोन तिने ठेवला नाही, मी ठेवला नाही. कोंबड्यांचा आवाज येत होता, मग कुणीतरी तिला हाक मारली, तिने ओ दिली नाही. किती वेळ ते बघितलं नाही.

मग सु.भाऊंनी गाडी चालू केली. कॉल होता. छातीत दुखतंय, पुरुष, पंचावन्न. मी वंदनाला म्हटलं, मला निघावं लागेल. ती म्हणाली, जा.